मुंबईची राणीबाग, म्युझियम, मैदानं... तुमच्या आठवणी सांगा

पिवळी_अबोली: काल कपाट आवरताना बाबांच्या जुन्या पाकिटात फोटो सापडला. भायखळ्याच्या राणीबागेच्या म्युझियमबाहेरचा दगडी हत्ती आणि त्याच्या पायाशी मी, दोन वेण्या, हातात फुगा. बाबा गिरणीत होते. सुट्टीच्या दिवशी लालबागहून चालत न्यायचे. गेल्या गेल्या आधी हत्ती. "हा घारापुरीचा. साहेब विलायतेला न्यायला निघाला, उचलताना तुटला, म्हणून आपल्याकडे राहिला," हे दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहात सांगायचे. मला वाटायचं, रचून सांगतात. मोठेपणी वाचलं तर सगळं खरं. १८६४ मध्ये नेताना तुटला, तुकडे भायखळ्याला आले आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला.

आत मातीच्या छोट्या छोट्या माणसांसमोर बाबा खूप वेळ थांबायचे. कुणाची पगडी कशी, कोण काय काम करतंय, सगळं दाखवायचे. १८७२ पासूनचं म्युझियम आहे ते. १९७५ पासून भाऊ दाजी लाडांचं नाव आहे, पण आमच्या घरात ते 'राणीबागेचं म्युझियम'च राहिलं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. काल तो फोटो हातातून ठेववेना.

तुम्हीही लिहा. बाग, म्युझियम, मैदान, काहीही चालेल.

घाईतली_आई: डोळे भरले गं वाचून. पोळ्या चालू आहेत, रात्री लिहिते.

गोरखचिंच: राणीबाग म्हटलं की लोक प्राणीच सांगतात. अहो, झाडं बघा तिथली! १८६२ सालची बाग आहे. आई शाळेत शिकवायची, ती आम्हाला पिंजऱ्यांकडे वळूच द्यायची नाही, आधी झाडं. गोरखचिंचेच्या खोडाला आम्ही भावंडं हातात हात धरून वेढा घालायचो, तरी पुरा पडायचा नाही. माझं टोपणनाव तिथूनच आलंय. आज कुठलंही झाड दिसलं की आधी पान हातात घेऊन बघते, ती सवय आईची.

कांगावाला: मैदान चालेल म्हणालात म्हणून लिहितो. क्रिकेटची कांगा लीग, दोन सीझन, आझाद मैदान. बाहेरच्याला कळतच नाही तिथे चाललंय काय. एकाच वेळी इतक्या मॅचेस की आमच्या कव्हरच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या मॅचचा फिल्डर उभा. दुसऱ्यांचा बॉल आला की अडवायचा, फेकायचा आणि पुन्हा आपल्या बॅट्समनकडे बघायचं. ही लीग पावसाळ्यात असते, विकेट ओली, बॉल थांबून येतो. घाई केली की कॅच गेलाच समजा. मला संयम कुणी शिकवला असेल तर त्या चिखलाने. १९८८ मध्ये शाळकरी तेंडुलकर-कांबळींनी ६६४ ची भागीदारी केली ती याच मैदानावर. पहिल्या दिवशी किट घेऊन आत शिरताना छाती धडधडत होती. आता गुडघा साथ देत नाही, पण फोर्टात काम निघालं की पंधरा मिनिटं कडेला उभा राहतोच.

चिंचपोकळीकर: अबोलीताई, लालबागला नेमकं कुठे? आम्ही चिंचपोकळी स्टेशनजवळ. पहाटेचा भोंगा आठवतो का?

पिवळी_अबोली: गणेश गल्लीच्या मागे, दादा. भोंग्यावर तर आईचा चहा चढायचा.

रात्रपाळी: मी नर्स आहे. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेले (आमच्या सासूबाई अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात). तिथे कळलं की १९२२ मध्ये लोकांसाठी उघडण्याआधी, पहिल्या महायुद्धात ही इमारत लष्करी इस्पितळ होती. घुमटाखाली मान वर करून उभी राहिले आणि मला खाटांच्या रांगाच दिसायला लागल्या. कोण बायका रात्री जागल्या असतील तिथे? मुलगी हाका मारत होती, मी हललेच नाही.

लोकल_९_१२: २ एप्रिल २०११, वर्ल्ड कपची फायनल. तिकीट नव्हतं, तरी ऑफिसातून थेट चर्चगेट. एका दुकानाच्या टीव्हीपुढे शंभरेक माणसं. शेवटचा सिक्स आम्हाला आधी ऐकू आला, मग दिसला! वानखेडेतून गर्जना आली तेव्हा टीव्हीवर धोनी अजून उभाच होता. शेजारच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली आणि रडले. मीही.

कांगावाला: अंगावर काटा आला राव.

घाईतली_आई: आले. आमचं हँगिंग गार्डन. लहानपणी मी हट्टच धरला होता, लटकणारी बाग दाखवा! मामाने बाकावर बसवून समजावलं की बाग लटकत नाही, तिच्या पोटात पाण्याची टाकी आहे, आपल्या नळाचं पाणी. मी जमिनीला कान लावून ऐकत बसले होते. मग समोरच्या बागेतलं ते बुटाच्या आकाराचं घर, म्हातारीचा बूट. मामा आता अंथरुणाला खिळलाय. उद्या फोन करून विचारते, आठवतं का.

गोरखचिंच: उद्या नको, आत्ताच कर.

चिंचपोकळीकर: ताई, नातवाला हत्ती दाखवायचाय. या रविवारी उघडं असतं ना?

पिवळी_अबोली: हो दादा, सुट्टी बुधवारी. मीही तो फोटो घेऊन येते, दहा वाजता हत्तीपाशी.