मदत हवी आहे: आई एकटी येतेय, विमानतळावरून पुढे ट्रेन

हळदीचं_दूध
आई गुरुवारी रात्री मुंबईहून निघतेय, एकटी. शुक्रवारी सकाळी उतरेल. तिथून ट्रेनने आमच्याकडे यायचंय, मध्ये एक गाडी बदलायची आहे. इंग्रजी जेमतेम. विमानासाठी व्हीलचेअर सांगितली आहे, पण ते लोक ट्रेनपर्यंत सोडतात का? गाडीत बसवून देणारं, उतरवून घेणारं कोणी मिळतं का? पैसे द्यायची तयारी आहे. आम्ही घ्यायला जाऊ शकत नाही, तेव्हा 'तुम्हीच जा' असं कृपया कोणी सांगू नका. जरा लवकर सांगा प्लीज.

लीड्सकर
एकदम सोपं आहे. 'पॅसेंजर असिस्ट'चं अ‍ॅप घ्या. फुकट असतं, गाडीच्या दोन तास आधीपर्यंत बुक होतं, कसला दाखला मागत नाहीत. माझे सासरे हीथ्रोहून असेच आले. पॅडिंग्टनला माणूस डब्याच्या दाराशी उभा होता.

हळदीचं_दूध
अहो, मी यूकेत नाही.

चष्मिष्ट
मग कुठे आहात ते लिहा की ताई! देश, उतरायचं विमानतळ, शेवटचं स्टेशन, आईंचं वय, त्यांना चालता येतं का, सामान किती, तिकीट कुठलं. एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

हळदीचं_दूध
सॉरी, घाईत लिहिलं. जर्मनी. फ्रँकफर्टला उतरेल, न्युर्नबर्गला गाडी बदलून एर्लांगन. वय ७१. चालते, पण गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. सामान दोन मोठ्या बॅगा. ट्रेनचं तिकीट काढलंय, स्वस्तातलं.

निवृत्त_गार्ड
आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती आजतागायत सुरू नाही. आधी त्यावर बोला. परदेशातल्या सोयींचं कौतुक किती करायचं?

चष्मिष्ट
गार्डसाहेब, त्याचा वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. इथे नको.

बव्हेरियातली_बाई
एर्लांगनशेजारीच राहते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

जर्मन रेल्वेचं एक मदत केंद्र आहे, 'मोबिलिटेट्सझेर्व्हिस-त्सेन्ट्राल'. अपंगांसाठी आहे, तसंच वयामुळे हालचाल कमी झालेल्यांसाठीही. आदल्या दिवशी संध्याकाळी आठच्या आत कळवावं लागतं, फोनवर किंवा त्यांच्या साइटवर फॉर्म भरून. पैसे लागत नाहीत. गाडीचा नंबर, डबा, सीट, कुठे चढणार, कुठे उतरणार हे विचारतील. म्हणजे आधी सीट राखून ठेवा. इथे तिकिटाबरोबर सीट आपोआप मिळत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. तुम्ही घेतली आहे का?

दुसरं म्हणजे 'बानहोफ्समिसिऑन'. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही चर्चची मिळून चालणारी संस्था, १८९४ साली बर्लिनला सुरू झाली, आता शंभरावर स्टेशनांत आहे. निळं जॅकेट घातलेले स्वयंसेवक असतात. गाडीतून उतरवून पुढच्या गाडीत बसवून देतात. न्युर्नबर्गला त्यांची खोली आहे, आधी फोन करा.

पुणेरी_पाटी
चालणाऱ्या माणसांनी व्हीलचेअर घ्यायची ही आपली खास सवय. खऱ्या गरजूंना मग ताटकळत बसावं लागतं. स्पष्ट बोलतोय, राग नसावा.

बव्हेरियातली_बाई
राग नाही, पण माहिती चुकीची. युरोपातला रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नवा नियम जून २०२३ पासून लागू आहे. त्यात वयामुळे प्रवास कठीण झालेला माणूस स्पष्ट धरलाय. आणि रेल्वेची मदत म्हणजे व्हीलचेअरच असं नाही, नुसता वाट दाखवणारा माणूसही मागता येतो. गुडघे दुखत असताना फ्रँकफर्टचं पहिलं टर्मिनल चालून बघा एकदा.

गावठी_गुगल
फ्रँकफर्ट कशाला निवडलंत? म्युनिकला उतरवायचं होतं, बव्हेरियातच आहे.

बव्हेरियातली_बाई
म्युनिक विमानतळाला लांबपल्ल्याची गाडीच नाही. लोकलने पाऊणएक तास मुख्य स्टेशनात जा, मग तिथे गाडी पकडा. फ्रँकफर्टला लांबपल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन विमानतळालाच जोडलेलं आहे, तेच बरं. फक्त तिथे स्टेशनं दोन आहेत. खालचं लोकलचं, फलाट १ ते ३. लांबच्या गाड्या फलाट ४ ते ७. विमानतळाच्या व्हीलचेअरवाल्यांना 'फेर्नबानहोफ' एवढंच सांगायचं, म्हणजे लोकलकडे नेणार नाहीत. कुठपर्यंत सोडतील हे एअरलाइनकडून आजच विचारून घ्या. तिथून पुढे रेल्वेचा माणूस.

सोलापुरी_चादर
सगळ्यात मोठा घोळ कोणीच सांगितला नाही. विमानतळावरून न्युर्नबर्गच्या बहुतेक गाड्या आधी फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनात जातात आणि तिथून उलट्या दिशेने निघतात. आपल्याकडे मनमाडच्या गाड्या दौंडला फिरवायचे ना, तसं. अर्धा डबा उतरतो, गाडी मागे जायला लागते, आणि आईंना वाटतं आपण परत विमानतळावर निघालो. माझ्या आत्या घाबरून उतरल्या होत्या आणि मग फलाटावर बसून मला फोन. आधीच बजावून ठेवा: पहिल्या मोठ्या स्टेशनात उठायचं नाही, गाडी उलटी निघाली तरी सीट सोडायची नाही. व्युर्त्सबर्ग गेलं की मग आवराआवर.

हळदीचं_दूध
अरे देवा, हे माहीतच नव्हतं. कागदावर लिहून देते. सीट घेतलेली नाही, आता घेते.

चष्मिष्ट
स्वस्तातलं तिकीट म्हणजे एकाच गाडीला बांधलेलं असणार. विमान उशिरा आलं तर रेल्वेची चूक धरत नाहीत, तिकीट वाया. विमान किती वाजता, गाडी किती वाजता?

हळदीचं_दूध
विमान ७:४०, गाडी ९ च्या सुमारास.

चष्मिष्ट
फार कमी! इमिग्रेशनची रांग, त्यात बॅगा. आताच बदला. कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या, मदत साडेअकराच्या आसपासच्या गाडीला सांगा. चार पैसे जास्त जातील. विमानाबरोबरच ट्रेनचं तिकीट काढलं असतं तर हा ताप नव्हता, पुढच्या वेळी बघा.

माहेरची_साडी
इमिग्रेशनला आमंत्रणपत्र आणि विमा विचारतात. निदान तीस हजार युरोंचा लागतो. तो केलाय ना?

हळदीचं_दूध
व्हिसा त्याशिवाय मिळालाच नसता हो. प्रश्न ट्रेनचा आहे.

माहेरची_साडी
बरं बरं. बाळंतपणाला येतायत का? डिंकाचे लाडू आणू देत, पण साजूक तूप नको. ईयूमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

गावठी_गुगल
काही होत नाही. आम्ही दरवेळी पेढे आणतो.

पुणेरी_पाटी
"आम्ही आणतो" म्हणजे कायदा बदलला का? धन्य.

हळदीचं_दूध
हो, बाळंतपणालाच. तारीख तोंडावर आहे, घरी तीन वर्षांचा मुलगा, म्हणून नवऱ्याला फ्रँकफर्टपर्यंत जाऊन अर्धा दिवस बाहेर राहणं नको वाटतंय. लाडू तुपातलेच आहेत, त्याचं काय?

सोलापुरी_चादर
मग न्युर्नबर्गला गाडी बदलायचीच कशाला? एर्लांगनहून लोकलने पंचवीसेक मिनिटं. त्यांना म्हणावं, फलाटावर उभे राहा. फ्रँकफर्टला बसवून देणं एवढीच मदत मागा, निम्मं काम कमी.

हळदीचं_दूध
हे सुचलंच नाही! तासाभरात परत येईल, ते चालेल. फोन केला आत्ता. बाई इंग्रजी बोलल्या, अकरानंतरच्या गाडीची नोंद घेतली. बॅगा किती आणि किती जड हे दोनदा विचारलं. डबा-सीटही घेतली. न्युर्नबर्गला नवऱ्याने कुठे थांबायचं?

बव्हेरियातली_बाई
फलाटावर ए, बी, सी अशा मोठ्या पाट्या असतात, बोर्डावर कुठला डबा कुठल्या अक्षरापाशी ते लिहितात. पण गाडी कधीकधी उलट्या क्रमाने लागते, फलाटही ऐनवेळी बदलतो. गाडी यायच्या आधी दहा मिनिटं रेल्वेचं अ‍ॅप बघायला सांगा. आईंना गाडीतल्या फुकट वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप लागेल, ते मुंबईतच एकदा कुणाच्या तरी वायफायला जोडायची सवय करून घेऊ देत. आणि गाडीचा नंबर, डबा, सीट, तुमचा फोन असं जर्मनमध्ये ठळक छापून गळ्यातल्या पाऊचमध्ये. फोनची बॅटरी संपली तर तेच कामाला येतं.

माहेरची_साडी
तुपाचं मी विचारून सांगते. तोवर लाडू बॅगेत सगळ्यात वर ठेवू नका.