'कोर्ट' अंधारातच संपायला हवा होता का?

मागची रांग

रविवारी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो २०१५च्या एप्रिलमध्ये, थिएटरात. सिनेमातल्या कोर्टाच्या खोलीतले दिवे मालवले, पडदा काळा झाला, आणि माझ्या रांगेतले चौघे पिशव्या उचलून उभे राहिले. तेवढ्यात पडद्यावर न्यायाधीशांची सहल सुरू झाली. परवाही त्याच जागी माझं मन उठून उभं राहिलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला, असा आरोप ठेवून त्यांना अटक होते. खटला तारखांवर तारखा घेत चालतो. शेवटी उन्हाळ्याची सुट्टी लागते, कांबळे आतच राहतात, कोर्टाची खोली रिकामी होते आणि एकेक दिवा बंद होतो.

माझं म्हणणं, सिनेमा तिथेच पूर्ण झाला. माणूस कोठडीत आणि खोलीत काळोख, आणखी काय सांगायचं उरतं? त्यानंतरचा न्यायाधीशांच्या सहलीचा, रिसॉर्टवरचा भाग आपल्याला आधीच कळलेलं पुन्हा समजावून देतो. इतका वेळ प्रेक्षकावर भरवसा टाकणाऱ्या दिग्दर्शकाने शेवटी तो काढून घेतला, असं वाटतं.

लोकल ८.१२

मागची रांग, अजिबात पटलं नाही. तुम्ही तिघांचा हिशेब मांडून बघा. बचावाचे वकील व्होरा आपल्याला घरी दिसतात, मॉलमध्ये चीज आणि वाइन घेताना दिसतात. सरकारी वकीलबाई लोकलमध्ये शेजारणीशी ऑलिव्ह तेलाबद्दल बोलतात, घरी येऊन स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटकाला जातात. गीतांजली कुलकर्णींचं ते काम मी कधी विसरणार नाही. दिवसभर एखाद्याला तुरुंगात ठेवा म्हणून कायद्याची कलमं वाचणारी बाई संध्याकाळी माझ्या आईसारखी कणीक मळते, हे पाहून मला घाम फुटला होता.

आणि न्यायाधीश? दिवे जाईपर्यंत ते फक्त खुर्ची आहेत. बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकायला नकार देतात, तेव्हाही आपण म्हणतो, नियम असेल. त्यांना खुर्चीबाहेर पाहिलंच नाही तर सिनेमा अर्धा राहिला असता. सहलीत ते ओळखीच्या माणसाला मुलासाठी अंकशास्त्र आणि अंगठीतला खडा सुचवतात, तेव्हा लक्षात येतं की कांबळेंचं आयुष्य कोणाच्या हातात होतं.

चिंचेखाली

मागची रांग यांच्या बाजूने. 'फँड्री' आठवा. जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा. नागराज मंजुळे त्यानंतर एक क्षण देत नाही. 'सैराट'मध्येही लेकराची रक्ताची पावलं उमटतात, आवाज नाहीसा होतो, संपलं. आमच्या गावात 'सैराट' सुटल्यावर लोक चपला शोधायचं विसरले होते. घाव बसला की थांबायचं असतं.

लोकल ८.१२

पण 'कोर्ट'मध्ये घाव नाहीच ना! तिथे सगळं झिजत जातं. कॅमेरा एका जागी बसून असतो, लोक येतात-जातात, पुढची तारीख पडते. अशा सिनेमाला दगडासारखा शेवट कसा चालेल?

निवृत्त लघुलेखक

मी सत्तावीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो, म्हणून लिहितो. साक्षीदार सांगतो एक आणि साहेबांच्या तोंडून नोंद होते भलत्याच भाषेत, हे या सिनेमाइतकं अचूक मी कुठे पाहिलेलं नाही. वासुदेवची बायको सांगते, तो आधी खडा टाकायचा, झुरळं वर आली तर खाली हवा आहे असं समजून उतरायचा. एवढं मोठं वाक्य कागदावर उतरताना किती लहान होतं! ही हातोटी माझ्याही बोटांत होती, आणि ते आठवून त्या दिवशी मला झोप लागली नाही.

माझी हरकत मात्र वेगळी आहे. शेवटी बाकावर डुलकी घेणाऱ्या न्यायाधीशांना पोरं ओरडून दचकवतात आणि ते एकाला थप्पड मारतात. तोवर सिनेमाने कोणालाही दुष्ट ठरवलं नव्हतं, आणि तेच त्याचं मोठेपण होतं. शंभर वर्षांहून जुने कायदे, फायलींचे ढीग, तीन भाषा, यांत माणूस कसा चिरडतो ते दाखवलं. थप्पड आली की प्रेक्षक म्हणतो, हा माणूसच वाईट. मग यंत्रणा सुटते.

अर्धवट बी.ए.

काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे, पण थप्पड मला उलटी दिसली. पोरं सगळीच ओरडली, बाकीची पळाली, हाती लागलेल्या एकाला मार बसला. झोप मोडली म्हणून. कांबळेंचं दुसरं काय झालं? गाणारे बरेच होते, गर्दी होती, त्यातला एक म्हातारा हाताला लागला. आणि मारल्यावर ते पुन्हा डोळे मिटतात. यात मला त्यांचा वाईटपणा दिसत नाही. त्यांना फक्त झोप हवी आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

वीरा साथीदारांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. नागपूरचे हे कार्यकर्ते कांबळे झाले. पोलीस पुन्हा अटक करायला येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नसतं. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले.

मागची रांग

अर्धवट बी.ए., हा अर्थ मला सुचला नव्हता. आज शेवटची दहा मिनिटं पुन्हा लावून पाहिली. तुम्ही म्हणता ते दिसतं. पण मग माझी तक्रार आणखी पक्की होते. पोरं म्हणजे गाणारे, झोप म्हणजे न्याय, इतकं जुळवून आलेलं चित्र या सिनेमात दुसरीकडे कुठेच नाही. ऑलिव्ह तेल कशाचंही प्रतीक नव्हतं, ते नुसतं तेल होतं. म्हणून ते खरं वाटलं.

लोकल ८.१२

यावर उत्तर नाही माझ्याकडे. तरी शेवट काढू देणार नाही.

निवृत्त लघुलेखक

अर्धवट बी.ए., तुमचं वाचून पुन्हा पाहीन. मी हरकत मागे घेत नाही, पण पाहीन. मे महिन्यात शेवटच्या दिवशी आम्ही खोली बंद करायचो, तेव्हा टेबलावर लाल कापडात बांधलेल्या फायली तशाच असायच्या. कुलूप लावलं की त्याच रात्री मी कोकणची गाडी पकडायचो. पोचलो की विहिरीवर आंघोळ, आंबे, दुपारची झोप. कोणाची तारीख जूनवर गेली, ते महिनाभर एकदाही आठवायचं नाही.