मदत हवी आहे: बाल्डर्स गेटच्या धक्क्यावरचा प्रसंग कसा खेळवू?

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुप आहे, डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी व्यक्ती, मी. रविवारी सगळ्यांची पात्रं बाल्डर्स गेट या खेळातल्या काल्पनिक शहरात पोहोचतील. शहर कुठल्याच राजाचं नाही, कारभार चार ड्यूकांच्या हाती. चिओंथार नदीवर बंदर, खालच्या शहरात फ्लेमिंग फिस्टच्या भाडोत्री शिपायांचा पहारा, आणि वरच्या शहरात अंधार पडला की बाहेरच्यांना थारा नाही. मला हे शहर जाम आवडतं!

अडतंय ते धक्क्यावर. माशांच्या ओल्या टोपल्यांखाली लपवलेली पेटी तपासनिसाच्या नजरेतून सोडवायची आहे. फासे टाकण्यापलीकडे खेळाडूंना काय करायला देऊ? लाच, खोटी पावती, ओळखीचा हमाल? दोघी अगदी नवीन आहेत, म्हणून मारामारी नकोच. कोणी असं खेळवलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.