मदत हवी आहे: कल चाचणी झाली, पण निर्णय होत नाही

मुलगी यंदा दहावी झाली, 84 टक्के. आम्ही साताऱ्याजवळ राहतो. दोन पर्याय आहेत: सिव्हिल इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, किंवा अकरावी सायन्स आणि पुढे नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) देऊन बी.आर्क, म्हणजे आर्किटेक्चरची पदवी. चित्रकला चांगली आहे, गणितही बरं आहे. केमिस्ट्रीचं नाव काढलं की तोंड वाकडं.

साडेतीन हजार भरून कल चाचणी करून घेतली. बावीस पानांचा रिपोर्ट आला. त्यात आकृती-अवकाश क्षमता (आकार आणि जागा डोळ्यांसमोर आणण्याची) उत्तम, आणि शिफारस सायन्स, कॉमर्स, डिझाइन तिन्हींची! समुपदेशकांनी वीस मिनिटं दिली, त्यातली पंधरा माझ्याशी बोलण्यात गेली. (चूक माझीही.)

डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमात गणित असेल तर बी.आर्कचाही रस्ता बंद होत नाही, हे माहीत आहे. म्हणजे माहिती कमी नाही. अडचण अशी की ती सकाळी एक म्हणते, रात्री दुसरं, आणि शेवटी "आई, तूच ठरव". चुकलं तर काय, ही धास्ती. बी.आर्कची पाच वर्षं खासगी कॉलेजात परवडणार नाहीत, हे तिला सांगितलंय. त्यानेच दडपण वाढलं की काय कोण जाणे.

फॉर्म भरायला जेमतेम पंधरा दिवस आहेत. पुन्हा चाचणी नको. एखाद्या आर्किटेक्टकडे आणि एखाद्या साइटवर दोन-दोन दिवस बसवलं तर या वयात काही कळतं का? तुमच्या मुलांना स्वतःहून ठरवायला नेमकी कशाची मदत झाली?