पहिलटकरणींची रक्ततपासणी आणि गावातला मलेरिया

गरोदर स्त्रियांच्या तपासणीवरून गावातल्या मलेरियाचा अंदाज बांधणे फसवे ठरेल, हा आपला आक्षेप मला अंशतः मान्य आहे. पण टांझानियाचा अनुभव पाहावा. तेथील मुख्य भूमीवर २०१४ पासून, गर्भवती स्त्री पहिल्यांदा नाव नोंदवायला दवाखान्यात येते तेव्हा, ताप असो वा नसो, तिच्या रक्ताची झटपट चाचणी केली जाते. घरोघरची पाहणी खर्चिक असते आणि काही वर्षांतून एकदाच होते. येथे मात्र वर्षभर, जिल्हावार आकडे हाती येतात आणि ते पाच वर्षांखालील मुलांमधील प्रादुर्भावाशी बऱ्यापैकी जुळतात. खरी मेख आहे ती बाळंतपणांच्या संख्येत. वारेत (गर्भाला पोसणाऱ्या अवयवात) साठणाऱ्या मलेरियाच्या परजीवींविरुद्धची प्रतिकारशक्ती दर गरोदरपणागणिक वाढत जाते, त्यामुळे जिथे मलेरिया फार, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रियांमध्ये तो कमी दिसतो. म्हणून पहिलटकरणींचे आकडे वेगळे काढल्याशिवाय मुलांशी तुलना करू नये. (नोंदवहीत कितवे गरोदरपण याचा रकाना असणे आणि तो नीट भरला जाणे, या अर्थातच दोन गोष्टी.) शिवाय औषधोपचारानंतरही परजीवीचे प्रथिन काही आठवडे रक्तात राहत असल्याने ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, हेही हिशेबात धरावे लागते.