अनुभव धागा: अडलेली कामं आणि देवावरचा भरवसा

नमस्कार सोलापूरकर,

सिद्धरामेश्वरांच्या बालपणीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी घरातच ऐकली आहे. रानात राखण करणाऱ्या पोरापाशी मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन, जंगमाच्या रूपात येतो, हुरडा खातो आणि दहीभात मागतो. पोर धावत घरी जाऊन दहीभात आणतं, तर रानात कोणीच नाही. मल्लय्याला हाका मारत, रडत ते थेट श्रीशैलला पोचतं. कड्यावरून उडी टाकणार, तेवढ्यात मल्लिकार्जुन त्याचा हात धरतो आणि गावी परत पाठवतो. बाराव्या शतकातल्या त्या गावात पुढे तलाव झाला, 68 लिंगं स्थापन झाली.

मला यात चमत्कारापेक्षा मधली वाट मोठी वाटते. हातात दहीभात आहे आणि खाणारा निघून गेलाय. त्या घडीला पोराला तलाव कुठे दिसत होता?

आपापल्या मधल्या वाटेबद्दल लिहा. मोठीच संकटं हवीत असं नाही. परत आलेला अर्ज, हुकलेली गाडी, न आलेलं पाणीही चालेल. शेवट गोड झालाच पाहिजे अशी अट नाही.

होटगी रोड
पाण्यापासूनच सुरुवात करते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापुरात वेगळं सांगायला नको. पाण्याचा दिवस म्हणून रजा टाकून बसले. पाणी आलं आणि लाईट गेली. मोटर बंद, टाकी कोरडी. रडूच आलं. शेजारच्या काकूंच्या अंगणातल्या नळाला बारीक धार होती, तिथून बादल्या भरल्या. भरेपर्यंत काकू बोलत राहिल्या. काका गेल्यापासून त्या कोणाशी फारशा बोलत नव्हत्या. देवाने यासाठीच लाईट घालवली असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी मी तिथे होते, आणि तो योग त्याने आणला असं मी मानते.

अशोक चौक
आमचे नान्ना, म्हणजे वडील, यंत्रमागावर होते. चालू मागावर उभा धागा तुटला की ते माग थांबवायचे, पाठीमागे जाऊन बीमवरचं टोक शोधायचे, गाठ मारायचे, धागा फणीतून ओढून घ्यायचे आणि मगच माग सुरू करायचे. तसंच रेटलं तर कापडात लांबलचक रेघ पडते. कितीही घाई असो, त्यांचा हात तिथे थांबायचाच.

एका वर्षी टॉवेलची ऑर्डर पूर्ण झाल्यावर व्यापाऱ्याने रंग जमला नाही म्हणून माल उचलला नाही. सुताचे पैसे अंगावर आले. घरभर गठ्ठे, पाय पसरायला जागा नाही. अम्मा रात्री उशिरापर्यंत विड्या वळायची. नान्ना मात्र रोज मार्कंडेय मंदिरात जाऊन यायचे. मी कॉलेजात होतो, डोकं तापलेलं. विचारलं, देव काय करतोय आपल्यासाठी? ते शांतपणे म्हणाले, "त्याचं काम तो करेल. आपण टॉवेल विकू."

जानेवारीत गड्ड्यावर, सिद्धेश्वरांच्या जत्रेत, अंथरूण टाकून आम्ही टॉवेल विकले. संक्रांतीची थंडी, नान्ना एकेक घडी उलगडून गिऱ्हाईकाला दाखवत होते, काठ हाताने ओढून बघायला सांगत होते. सुताचे पैसे निघाले, मजुरी निघाली नाही. कर्ज फिटायला बरीच वर्षं गेली. देवाने त्यातून काय साधलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण नान्नांची श्रद्धा त्या व्यापाऱ्याच्या हातात नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

विजापूर वेस
एक विनंती. गाडी हुकली म्हणून अपघातातून वाचलो, असे अनुभव इथे येतील. ज्यांना ती गाडी मिळाली त्यांच्याही घरी देव्हारा होता. माझा भाऊ अशाच एका गाडीत होता. मी अजूनही कोजागरीला तुळजापूरला चालत जातो, आईसाहेबांवर राग नाही. फक्त मला कोणी कारण सांगू नका.

धागाकर्ता
दादा, नाही सांगणार. कोणीच सांगू नये.

रेल्वे लाईन्स
मी ख्रिस्ती, नर्स आहे. नोकरी बार्शीला, आई इथे अंथरुणावर. बदलीचा अर्ज सारखा काही ना काही कारणाने परत येतो, कधी सही राहिली, कधी शिक्का. आमच्याकडे अशा वेळी रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायातलं 28 वं वचन ऐकवतात, सगळं मिळून कल्याणासाठीच होतं म्हणून. माझा त्यावर विश्वास आहे. पण पहाटेच्या एसटीत मला त्याच्या आधीचं 26 वं वचन जास्त आधार देतं. काय प्रार्थना करावी हेच आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं पौल तिथे लिहितो. मला खरंच कळत नाही, मी नुसती बसून असते. बदली अजून झालेली नाही. चर्चमधल्या बायका आईकडे आळीपाळीने येतात. त्यातल्या एका नव्या सुनेला आई खाटेवरूनच कडक भाकरी शिकवतेय.

नवी पेठ
माझं आत्ता चालूच आहे, त्यामुळे शेवट नाही. गाळ्याच्या कर्जाची फाईल अडकली आहे, दर वेळी नवा कागद मागतात. अक्कलकोटला जाऊन स्वामींसमोर बसून आलो. तिथे मन स्थिर होतं, कागद मात्र आपणच गोळा करायचे. उद्या भाडेकरार आणि रिटर्नची प्रत घेऊन परत जायचंय. साहेब अकराला येतात. आठवण राहिली तर प्रार्थना करा, काय झालं ते इथेच लिहीन.