गावाच्या वेबसाइटचं डॉट आयओ बंद झालं तर? देवळातल्या दगडावर क्यूआर कोड कोरलाय

खाडीकाठचा (पुष्पकनगर)

नमस्कार मंडळी. प्रश्न डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचा आहे, पण मागचं थोडं सांगावं लागेल.

नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतलं एक आमचं. आज तिथं धावपट्टी आहे. घरं पाडायच्या आधी मी आणि माझ्या पुतण्यानं दोन उन्हाळे गावातली एकेक विहीर, उंबरठे, खारबांधाची उघाडी (खाडीचं पाणी सोडायची-अडवायची दारं), सगळ्याचे फोटो काढले. म्हाताऱ्यांकडे बसून शेतांची नावं लिहून घेतली. सातबाऱ्यावर नुसता सर्व्हे नंबर असतो, पण आमच्याकडे शेताला नाव असायचं: चिंचेखालची, लांबट खाजण, भुताची कोंड. माझी आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले ही गाणी म्हणणारी होती. तिच्या आवाजातले लग्नाचे धवले मोबाइलवर रेकॉर्ड केले. ती 2021 मध्ये गेली.

हे सगळं 2018 पासून एका वेबसाइटवर आहे. गावाच्या नावाचं डॉट कॉम आणि डॉट इन आधीच कोणीतरी घेऊन ठेवलं होतं, म्हणून पुतण्यानं डॉट आयओ घेतलं. नव्या वसाहतीत गावदेवीचं देऊळ झालं तेव्हा दाराशी ग्रॅनाइट बसवला आणि त्यावर साइटचा क्यूआर कोड कोरून घेतला. जत्रेला पोरं तो स्कॅन करतात आणि आपल्या आजोबांचं घर बघतात.

आता पुतण्या म्हणतो, काका, आयओ जाऊ शकतं. मी वाचायला बसलो तेव्हा कळलं की ही दोन अक्षरं ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरीची, म्हणजे चागोस बेटांची. ब्रिटननं 1965 मध्ये ती मॉरिशसपासून तोडली, 1968 ते 1973 दरम्यान तिथल्या सगळ्या रहिवाशांना हलवलं आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. ती माणसं मॉरिशस आणि सेशेल्सला जाऊन पडली. बेटं मॉरिशसला परत देण्याच्या करारावर 22 मे 2025 ला सही झाली. हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या उठलेल्या गावाचा पत्ता आम्ही दुसऱ्या उठवलेल्या लोकांच्या अक्षरांवर बांधलाय, आणि सात वर्षं आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

ती बेटं त्यांना परत मिळावीत असंच मला मनापासून वाटतं. पण मग आमच्या दगडाचं काय? किती वर्षं हातात आहेत?

महापे_सर्व्हर

काका, आधी धीर धरा. करारावर सही झाली म्हणजे आयओ गेलं असं होत नाही. कुठला देश आहे आणि कुठला नाही हे इंटरनेटवाले ठरवत नाहीत. तेव्हा डोमेनचा कारभार बघणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी 1994 मध्येच लिहून ठेवलंय की ते आमचं काम नाही, आम्ही आयएसओ 3166 ही देशांच्या दोन अक्षरी कोडची यादी मानतो. यादीतून कोड निघाला तरच पुढचं चक्र फिरतं. त्यासाठी आयकॅनच्या (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) बोर्डानं 2022 मध्ये नियम मंजूर केला आहे: नोटीस निघाल्यापासून पाच वर्षं, आणि चालवणाऱ्यानं सबळ कारण दिलं तर मुदतवाढ धरून जास्तीत जास्त दहा.

म्हणजे उद्या सकाळी साइट बंद पडणार नाही. पण दगड दहा वर्षांहून जास्त टिकतो, हा तुमचा खरा प्रश्न. आज नवं डोमेन घेऊन जुन्यावरून रिडायरेक्ट लावलं, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर पाठवलं, तर कोरलेला कोड चालत राहील. मात्र आयओ रूट झोनमधून, म्हणजे इंटरनेटच्या मूळ नोंदवहीतून काढलं की रिडायरेक्टही मेलं, कारण ब्राउझरला पहिला पत्ताच सापडणार नाही.

ऐरोली_सेक्टर_आठ

एवढी चिंता कशाला? सोव्हिएत संघ 1991 मध्ये संपला, डॉट एसयू अजून चालू आहे. त्यावर आजही नवी नावं विकतात.

वागळे_इस्टेटची_मावशी

एसयूच्या भरवशावर राहू नका दादा. मी युगोस्लाव्हियाचं डोमेन जाताना पाहिलंय.

वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टचं डेस्क सांभाळायचे. बेलग्रेडची एक पार्टी होती, पत्ता डॉट वाययू. त्या डोमेनचीही मोठी वणवण. देश फुटला तेव्हा ते चालवणारे लोक स्लोव्हेनियात, 1994 मध्ये ते बेलग्रेडच्या विद्यापीठाकडे आलं. मग 2006 मध्ये माँटेनेग्रो वेगळा झाला, सर्बियाला डॉट आरएस मिळालं आणि वाययूला तारीख लागली. आधी सप्टेंबर 2009, मग वाढवून 30 मार्च 2010. आमच्या पार्टीनं दोनदा मेल करून नवा पत्ता कळवला होता. तरी एप्रिलमध्ये आमच्याच अकाउंट्सची मेल परत आली, कारण कोणीतरी जुना पत्ता टॅलीत तसाच ठेवला होता.

आमचं काम आठवड्यात मार्गी लागलं. पण त्या लोकांच्या जुन्या साइट्स, युद्धाच्या काळात कोणी कोणी लिहिलेली पानं, ज्यांच्या मालकानं नवीन नाव घेतलं नाही ती त्या तारखेला त्या पत्त्यावरून गेली. ज्यांच्या लेखी ती मोलाची होती त्यांतले कित्येक तोवर देश सोडून गेलेले. म्हणून सांगते, आत्याबाईंचे धवले आजच्या आज दोन हार्ड डिस्कवर उतरवा, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा.

महापे_सर्व्हर

मावशींशी सहमत. एसयू वाचलं कारण तो कोड आयएसओनं खास राखीव ठेवलाय आणि त्या काळी डोमेन मिटवायचा नियमच नव्हता. झाइरचं (आताचा काँगो) झेडआर 2001 मध्ये काढलं, नेदरलँड्स अँटिलिसचं एएन 2015 मध्ये.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. 1974 च्या पहिल्या यादीत सिक्कीमला एसके कोड होता. 16 मे 1975 ला सिक्कीम भारताचं राज्य झालं आणि कोड निघाला. पुढे तीच अक्षरं स्लोव्हाकियाला मिळाली. अक्षरं कुणाची कायमची नसतात.

काका, एक विचारतो: डोमेन कोणाच्या नावावर आहे? पुतण्याच्या खासगी ईमेलवर असेल तर ते आधी गावाच्या मंडळाच्या नावावर करा. देश बुडून जितकी नावं गेली त्याहून जास्त रिन्यूअलची मेल कोणी न वाचल्यानं जातात. डॉट इन एकदम दहा वर्षांसाठी भरता येतं. गावाचं नाव देवनागरीत हवं असेल तर 2014 पासून डॉट भारत मिळतं, फक्त काही ॲप्स ते अजून नीट घेत नाहीत. ते जोडीला ठेवा.

खाडीकाठचा

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचा निरोप वाचून त्याच संध्याकाळी डिस्क आणल्या. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे उरणला. डोमेन खरंच पुतण्याच्या कॉलेजच्या वेळच्या ईमेलवर होतं, आता मंडळाच्या नावावर करायला टाकलंय. गावाच्या नावापुढे ‘गावठाण’ जोडून डॉट इन मिळालं, दहा वर्षांचे पैसे वर्गणीतून भरले.

दगडाबद्दल मंडळाच्या बैठकीत बराच वाद झाला. शेवटी कोड एका छोट्या स्टीलच्या पट्टीवर घेतोय, चार स्क्रूंची, पत्ता बदलला की पट्टी बदलायची. ग्रॅनाइट उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला शेतांची नावं कोरायची. माझ्या वहीत एकसष्ट आहेत. लांबट खाजणीच्या पलीकडे, ओढ्याला लागून एक तुकडा होता, त्याचं नाव आता कोणालाच आठवत नाही. आमच्या शेजारच्या गावांतलं कोणी इथं असेल आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल, तर कृपा करून विचारा. पाथरवट पुढच्या महिन्यात येतोय.